बालीला पहिल्यांदा जाताना : ज्वालामुखीच्या बेटाचा नकाशा, कागदपत्रं आणि राखेचा हिशेब

बालीच्या सहलीची आखणी बहुतेक घरांत किनाऱ्यांच्या आणि झोपाळ्यांच्या फोटोंवरून सुरू होते. ती डोंगरांवरून सुरू करा. पाऊस कुठे पडणार, वाळू पांढरी की काळी, गाडीला किती वेळ लागणार, भातखाचरं कुठे दिसणार आणि परतीचं विमान वेळेवर उडणार का, हे सगळं या बेटावर ज्वालामुखी ठरवतात. २०२४ मध्ये ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक बालीत उतरले आणि त्यांत ऑस्ट्रेलियाखालोखाल नंबर भारतीयांचा होता. माहितीला तोटा नाही. पण त्यातली बरीचशी फोटो कुठे काढायचा यावरच थांबते.

आधी नकाशा

बाली साधारण ५,७८० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे गोव्याच्या दीडपट. भारतीय-ऑस्ट्रेलियन भूपट्ट बेटाच्या दक्षिणेला समुद्रतळाशी सुंद भूपट्टाखाली सरकतो. खोल गेल्यावर त्यातून सुटणारं पाणी वरच्या खडकाला वितळवतं आणि तो रस वर येऊन जावा, बाली, लोंबोक, फ्लोरेस अशी ज्वालामुखींची रांग उभी राहते. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. इथला लाव्हा त्याहून घट्ट, वायू कोंडलेला. तो पसरण्याआधी फुटतो आणि आकाशात राख उडवतो.

पूर्वेला आगुंग, उंची तीन हजार मीटरच्या आसपास. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसं गेली; त्याच्या उतारावरचं बेसाकीहचं मंदिर लाव्हाच्या वाटेतून थोडक्यात वाचलं. आगुंगच्या वायव्येला १,७१७ मीटरचा बातूर. तो एका जुन्या, कोसळलेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड वाडग्यात उभा आहे आणि शेजारी त्याच वाडग्यात तळं आहे. १९२६ च्या लाव्हात बातूर गाव गाडलं गेलं आणि लोकांनी वर कड्यावर, किंतामानीच्या बाजूला, नवं गाव वसवलं. हा परिसर २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत आहे.

पश्चिमेकडे ब्रातान, बुयान आणि तांबलिंगान ही आणखी तीन तळी. त्यांतलं आणि डोंगरातलं पाणी दक्षिण उतारावर येतं, राखेची माती सुपीक असते, म्हणून जातिलुविह आणि उबुदकडची हिरवी खाचरं. पाणी वाटून घेणारी शेतकऱ्यांची जी संस्था आहे तिला सुबाक म्हणतात; तीही २०१२ पासून जागतिक वारसा आहे. दक्षिणेचं शेपूट, म्हणजे उलुवातू-नुसा दुआचा बुकित भाग, ज्वालामुखीचा नाहीच. तो वर उचललेला चुनखडक आहे. म्हणून तिथे कडे, पांढरी वाळू आणि कोरडी जमीन. पूर्वेचा आमेद आणि उत्तरेची लोविना इथली वाळू काळी; दुपारी ती पाय भाजते, मुलांना चपला घालूनच उतरवा.

केव्हा जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. शाळेची मे महिन्याची सुट्टी इथे अगदी योग्य पडते: हवा चांगली आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू व्हायची असते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बहुधा सरीच मिळतील, पण डोंगरातले दुपारनंतरचे बेत पाण्यात जाऊ शकतात.

एक तारीख तिकीट काढण्याआधी बघाच: न्येपी. बालीची कालगणना शकाचीच, आणि वर्षारंभ मार्चमधल्या अमावस्येनंतर. काही वर्षी तो नेमका पाडव्याला येतो. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. पण साजरा करण्याची रीत अगदी उलटी. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट शांत: विमानतळ चोवीस तास बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवे मंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. हॉटेलच्या आवारात राहता येतं, जेवण मिळतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अजस्र राक्षसमूर्तींच्या मिरवणुका निघतात, त्या पाहण्यासारख्या आहेत. न्येपी गाठायचा असेल तर ठरवून गाठा. नकळत गाठ पडली तर सहलीचा एक दिवस गेला आणि त्या दिवशीचं विमानही गेलं.

कागदपत्रं, याच क्रमाने

१. पासपोर्टची मुदत उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी. परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवता आलं पाहिजे.

२. भारतीयांना आगमनानंतर व्हिसा मिळतो, फी ५,००,००० रुपिया, मुदत ३० दिवस, एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येते. तो घरूनच ऑनलाइन काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गो डॉट आयडी' असा संपतो. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो किंवा वडिलांचं नाव मधे असतं. अर्जात नाव पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत जसं आहे तसंच भरा. नावातली गफलत हे व्हिसा अडण्याचं नेहमीचं कारण आहे.

३. 'ऑल इंडोनेशिया' हे आगमनाचं ऑनलाइन पत्रक, २०२५ पासून. कस्टम आणि आरोग्याची जुनी दोन पत्रकं त्यात एकत्र आली. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्याला पैसे लागत नाहीत. येणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण विमानतळावर नेट लगेच लागेलच असं नाही.

४. बालीचा पर्यटक कर, माणशी १,५०,००० रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. 'लव्ह बाली' या सरकारी ॲपवर आधी भरता येतो. पावती फोनमध्ये असू द्या. पर्यटनस्थळी तपासणी होऊ शकते.

मुक्कामाचे दिवस मोजताना उतरलेला दिवस पहिला धरा. मुदत उलटली तर दंड दिवसाला १०,००,००० रुपिया आहे. एक दिवस चुकीचा मोजला तरी हा दंड बसतो.

पैसे

रुपियाच्या शून्यांनी पहिले दोन दिवस डोकं गरगरतं. सोपा हिशेब: शेवटची तीन शून्यं काढा, पाचाने गुणा, थोडी भर घाला. १,००,००० रुपिया म्हणजे साधारण सव्वापाचशे-साडेपाचशे रुपये. एक लाखाची नोट लाल, पन्नास हजाराची निळी, दहा हजाराची जांभळी. लाल आणि जांभळी संध्याकाळच्या उजेडात सारख्या भासतात, तेव्हा पाकिटात वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

कुटा आणि लेगियानच्या गल्ल्यांत दुकानाच्या कोपऱ्यात बसलेले पैसे बदलणारे फळ्यावर बाजारापेक्षा चांगला भाव लिहितात. तिथेच फसगत होते. मुद्दाम वीस-वीस हजाराच्या नोटा देतात, तुमच्यासमोर मोजतात, मग 'एकदा परत बघतो' म्हणून गठ्ठा घेतात आणि काही नोटा टेबलामागे पाडतात. शेवटचं मोजणं तुमचं असलं पाहिजे. तुम्ही मोजल्यावर गठ्ठा पुन्हा त्यांच्या हातात गेला तर परत पहिल्यापासून मोजा. काचेमागचं, परवान्याचा फलक लावलेलं ठिकाण किंवा बँकेचं एटीएम बरं. एटीएम आधी नोटा देतं आणि मग कार्ड; नोटा घेऊन निघून जाणारे रोज भेटतात. यंत्राने रुपयांत रक्कम दाखवून 'हा दर मान्य आहे का' विचारलं तर नाकारा, तुमच्या बँकेचा दर बहुतेक वेळा बरा असतो. मोठ्या उपाहारगृहांत कर आणि सेवाशुल्क बिलात वेगळं लागतं, तेही धरून चाला.

मुक्काम आणि रस्ते

घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे. बेटावर रेल्वे नाही, आणि डोंगरातून समुद्राकडे उतरणाऱ्या दऱ्यांमुळे पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते सतत वर-खाली होतात. विमानतळ ते उबुद जेमतेम ३५-४० किलोमीटर, पण दीड तास धरा, संध्याकाळी दोन. एकाच हॉटेलात सहा रात्री राहून रोज बेटभर हिंडण्याचा बेत सगळ्यात जास्त थकवतो. सात रात्री असतील तर दोन दक्षिणेत, तीन उबुदला, दोन आमेद किंवा सिदेमेनला, अशी वाटणी करा. दक्षिणेतल्या दोनपैकी एक रात्र शेवटी, विमानतळाजवळ.

दिवसभरासाठी चालकासह गाडी साधारण सहा ते आठ लाख रुपियांना मिळते. चौघांच्या कुटुंबाला हाच मार्ग सोयीचा. स्कूटर स्वस्त, वाहतूकही डावीकडूनच. पण आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर पोलिसांचा दंड राहू द्या, अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि खरं नुकसान तिथेच होतं. उबुदच्या तीव्र चढांवर आणि पावसानंतर शेवाळलेल्या गल्ल्यांत नवख्यांचे गुडघे फुटतात.

बातूरची चढाई

पहिल्यांदा ज्वालामुखी चढणाऱ्यासाठी बातूरच. आगुंगची चढाई वाटेनुसार चार ते सात तासांची, उभी आणि थंड आहे. ती डोंगर चढायची सवय असलेल्यांसाठी, आणि बेसाकीहच्या मोठ्या उत्सवांत तो डोंगर बंद असतो.

सूर्योदय वर गाठायचा म्हणून उबुदहून रात्री दोनच्या सुमारास गाडी घ्यायला येते. तोया बुंगकाह गावाजवळून चारच्या आसपास चालायला सुरुवात, वर पोचायला दोन तास. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो; पॅकेज घेताना वाटाड्याची फी धरली आहे का ते आधी विचारा, नाहीतर पायथ्याशी वेगळी मागणी होते. पायात नाइलनच्या चपला नकोत, खाचदार तळव्याचे बूट हवेत. डोक्याला बांधायची बॅटरी, माणशी लिटरभर पाणी, वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट. वर पोचल्यावर घामेजलेल्या अंगाला १०-१५ अंशांचा वारा लागतो आणि सुती टी-शर्ट बर्फासारखा होतो, म्हणून एक कोरडा सदरा पिशवीत ठेवा.

वर खडकाच्या फटींतून वाफ येते. वाटाडे त्यात अंडी आणि केळी शिजवून देतात. जागा दिसायला साधी असते, ओलसर काळा दगड आणि भोवती हिरवट शेवाळ; हात जवळ नेला की चटका. मुलांना फटींपासून हातभर लांब ठेवा. खरी परीक्षा उतरताना. काळी खडी बुटाखाली सरकते आणि माणूस मागे रेलतो, त्यामुळेच पडतो. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी रोवून, छोटी पावलं टाकत तिरकं उतरा. गुडघेदुखी असलेल्यांनी जीपने खालच्या काळ्या लाव्हापर्यंत जावं, किंवा पेनेलोकानच्या कड्यावरून सकाळी दहाच्या आत सगळा वाडगा बघावा. त्यानंतर ढग भरून येतात.

देवळात, ताटात, पाण्यात

देवळात कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा, पुरुषांनाही. बहुतेक देवळांच्या दारावर पाळी असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये असा फलक असतो. रस्त्यावर पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली असते, तिला चानांग सारी म्हणतात. ती ओलांडू नका, बाजूने जा. तिर्ता एम्पुल या देवळाच्या कुंडात ओळीने पाण्याची मुखं आहेत, त्यांतली काही मृतांच्या विधींची असतात. समोरच्या स्थानिकाने जे सोडलं ते तुम्हीही सोडा.

शाकाहारी माणसाला इथे खायला भरपूर मिळतं, अडचण लपलेल्या गोष्टींची आहे. तेंपे आणि ताहू, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि टोफू, कुठल्याही वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, मिळतात. पण सांबाल चटणीत आणि गादो-गादोच्या शेंगदाणा रश्शात तेरासी असू शकते, ती कोळंबीची लगदी. कुरकुरीत क्रुपुकही बरेचदा कोळंबीचा. मागवताना म्हणा: 'तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी', म्हणजे मांस, मासे, तेरासी नको. अंड्याला 'तेलुर', कांद्याला 'बावांग मेराह', लसणाला 'बावांग पुतिह'. स्थानिक आराक दारू उघड्या बाटलीतून पिऊ नका. मिथेनॉलची विषबाधा जीव घेते.

नळाचं पाणी पिण्याचं नाही. एक लिटरपेक्षा लहान प्लास्टिक बाटल्यांवर प्रांत सरकारने २०२५ मध्ये बंदी जाहीर केली, तेव्हा घरची स्टीलची बाटली न्या. हॉटेलांत भरून मिळते. कचरा इथला गंभीर प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बालीच्या राजधानीत, देनपासारला, पूर आला, माणसं दगावली, आणि तुंबलेल्या नद्या व खाचरांवर उभे राहिलेले व्हिला यांवर मोठी चर्चा झाली. पावसाळ्यात दक्षिणेत मुक्काम असेल तर नदीकाठचं तळमजल्याचं घर टाळा.

बालीत २००८ पासून रेबीज आहे. उबुद आणि उलुवातूची माकडं चष्मा, फोन, टोपी हिसकावतात. ओढाताणीत ओरखडा निघतो. ओरखडा किंवा चावा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. लहानसा आहे म्हणून मुंबईला परतेपर्यंत थांबू नका.

नुसा पेनिदा या शेजारच्या बेटाची बोट सानूरहून अर्ध्या-पाऊण तासात पोचते. तिथले किनारे फोटोत शांत दिसतात, प्रत्यक्षात समुद्र ओढून नेतो. तिथल्या केलिंगकिंग किनाऱ्याची वाट अतिशय उभी. वरून बघण्यातच त्याचं सौंदर्य आहे.

राख आणि विमान

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगच्या राखेने बालीचा विमानतळ दोन दिवसांहून अधिक बंद राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि पुन्हा जून व जुलै २०२५ मध्ये, उड्डाणं रद्द झाली ती फ्लोरेसवरच्या लेवोतोबी लाकी-लाकीमुळे, जो बालीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. १८ जून २०२५ ला दिल्लीहून निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. बालीत आकाश निळं आणि फलकावर सगळीकडे 'रद्द', असं चित्र म्हणूनच दिसतं.

कारण साधं आहे. राख म्हणजे काचेचे कण. इंजिनाच्या आत ते वितळतात आणि त्यामागच्या टर्बाइनच्या पात्यांवर थंड होऊन चिकटतात, हवेचा मार्ग कोंडतो. २४ जून १९८२ ला जावावरच्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ती नंतर चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. राखेचा ढग विमानाच्या रडारवर दिसत नाही, म्हणून कंपन्या धोका पत्करत नाहीत आणि तेच बरोबर आहे.

निघण्याआधी: इंडोनेशियाच्या इशाऱ्यांच्या चार पायऱ्या लक्षात ठेवा. चढत्या क्रमाने नॉर्मल, वासपादा, सियागा, आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी ॲपवर प्रत्येक ज्वालामुखीची पायरी दिसते. पण ही पायरी डोंगराजवळ जाण्यासाठी आहे. विमानासाठी राख कुठल्या उंचीवर आणि कुठल्या दिशेला चालली आहे ते बघावं लागतं. तो नकाशा ऑस्ट्रेलियातलं डार्विनचं राख सल्ला केंद्र काढतं. २०१७ मध्ये वारा फिरेल तसा कधी लोंबोकचा विमानतळ बंद, कधी बालीचा, असं झालं होतं. विमा तिकिटासोबतच काढा: उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात तो उद्रेक धरत नाहीत. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-बाली दुसरीचं, असं केलंत तर पहिली रद्द झाल्यावर दुसरी तुम्हाला 'आला नाहीत' म्हणून मोकळी होते. परतल्यावर कामावर रुजू होण्याआधी दोन दिवस हातात राहू द्या. रोजच्या गोळ्या चार दिवसांच्या जास्त घ्या.

बातमी आल्यावर: विमानतळावर धावू नका. आधी तुमचं विमान बालीकडे यायला निघालं आहे का ते ॲपवर बघा. ते आलंच नाही तर तुम्हीही निघणार नाही. हॉटेल सोडण्याआधी आणखी एक रात्र पक्की करा, दुपारपर्यंत भाव चढतात. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर कंपनीचं रद्द झाल्याचं पत्र घेऊन मुदतीच्या आतच इमिग्रेशन कचेरीत जा.

बंदी लांबली तर जमिनीवरचा रस्ता आहे: देनपासारहून गिलिमानुक बंदर, गाडीने साधारण चार तास, फेरीने तासाभरात जावातलं केतापांग, बंदराजवळच्याच स्थानकातून सुराबायाला रेल्वे, सहा-सात तास, आणि तिथला विमानतळ. जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे, ते विसरलात तर रेल्वेच्या वेळा चुकतात. फेरी दिवसाची घ्या. याच सामुद्रधुनीत २ जुलै २०२५ च्या रात्री एक फेरी बुडाली. गाडीत बसून न राहता वरच्या डेकवर थांबा आणि लाइफ जॅकेट कुठे आहेत ते चढल्याबरोबर बघून ठेवा.

तुम्ही असाल तिथेच राख पडू लागली तर घरात थांबा, दारं-खिडक्यांच्या फटींना ओला कपडा लावा, बाहेर एन-९५ मास्क आणि लेन्सऐवजी चष्मा. कोरडी राख झाडू नका, आधी हलकं पाणी शिंपडा. गाडीच्या काचेवर कोरडा वायपर चालवला की काच ओरखडते.

परतल्यावर विम्याच्या दाव्याला लागतं ते असं: उड्डाण रद्द झाल्याचं कारणासह पत्र, मूळ आणि बदललेलं तिकीट, वाढीव रात्रींच्या तारखेसह पावत्या, जेवण-टॅक्सीची बिलं. पत्र कंपनीच्या काउंटरवरून किंवा मेलवर तिथे असतानाच मागून घ्या.